कागदी रणगाडे



‘कागदी घोडे नाचविणे’ हा आपल्या भाषेतील नित्याचा वाक्प्रचार आहे. प्रत्यक्ष काम काही न करता नुसत्या लिखापढीत दिवस काढणाऱ्या कचेऱ्यांना आपण तो लावतो. कागद म्हणजे पोकळ, कागद म्हणजे क्षणभंगुर, ही आपली समजूत त्या वाक्प्रचाराच्या मुळाशी आहे. आज मी आपणांस कागदी घोड्यांची नव्हे, तर कागदी रणगाड्यांची हकीकत सांगणार आहे. ती ऐकल्यावर कागदाविषयीची ही समजूत थोडी तरी बदलेल, अशी मला आशा आहे.

प्रथम खऱ्या रणगाड्याविषयी दोन शब्द सांगतो. पहिल्या महायुद्धात खंदक आणि काटेरी तारा यांपुढे दोन्ही बाजूंची सैन्ये अडून बसली, तेव्हा इ. स. १९१५ मध्ये इंग्लंडमधील लिंकन शहरी विल्यम ट्रिटन आणि वॉल्टर विल्सन या यंत्रज्ञांनी हे वाहन प्रथम सिद्ध केले. ही गोष्ट गुप्त राहावी म्हणून मेसोपोटेमियाच्या वाळवंटासाठी पाणी वाहून नेण्याच्या टाक्या तयार होत आहेत, अशी हूल उठविण्यात आली, आणि त्यावरून त्या यंत्रास ‘टँक’ हे नाव कायमचे चिकटले. मराठीने मात्र टाकीशी नाते न ठेवता ‘रणगाडा’ हा अन्वर्थक शब्द स्वीकारला. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या रणक्षेत्रावर हे वाहन प्रथम लढाईत उतरले. ४९ गाड्या त्या दिवसासाठी तयार होत्या. पैकी सुमारे ३२ च आरंभरेषेपर्यंत पोहोचू शकल्या. गाडीचे वजन २८ टन आणि चाल माणसाच्या झपाट्याने चालण्याइतकी. आत ८ माणसे आणि त्यांच्या मधोमध उघडे धडधडणारे इंजिन! धूर, तेलाचा वास आणि भट्टीसारखी धग यांत ती माणसे तासन् तास कोंडलेली असत. ही आतील माणसे आपण ध्यानात ठेवावीत. शेवटी मला त्यांच्याकडेच परत यावयाचे आहे.

आता कागदाकडे वळू. फ्रान्समधील एपिनाल या गावी १७९६ साली झाँ-शार्ल पेलरँ याने चित्रांचा छापखाना काढला. त्या छापखान्यातून पुढे सैनिकांची रंगीत पाने बाहेर पडू लागली. मुलांनी ती घ्यावीत, पुठ्ठ्यावर चिकटवावीत, कात्रीने कापावीत आणि मेजावर फौज उभी करावी. शिशाचे सैनिक श्रीमंतांच्या मुलांना मिळत. कागदाचे सैनिक कोणाच्याही घरी जाऊ शकत. स्ट्रासबुर्ग शहरीही अशी पाने छापली जात. जर्मनीत एस्लिंगेन येथे १८३१ साली स्थापन झालेल्या श्रायबर यांच्या प्रकाशनसंस्थेने कापून जोडावयाच्या प्रतिकृतींचे ताव पुढे घरोघरी पोहोचविले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये धातू युद्धसामग्रीकडे वळला आणि धातूची खेळणी दुर्मिळ झाली, तेव्हा १९४१ मध्ये जेफ्री हायवे या गृहस्थाने पोस्टकार्डाएवढ्या पत्रांवर आगगाड्या, जहाजे आणि इमारती यांच्या चिमुकल्या प्रतिकृती छापून विकण्यास आरंभ केला. टंचाईच्या काळातच या कलेला भर आलेला दिसतो. ज्याच्याजवळ दुसरे काही नसते, त्याच्या उपयोगी कागद पडतो.

परंतु कागद नेहमीच निष्पापांच्या उपयोगी पडला असे मात्र नाही. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये झालेल्या व्हर्सायच्या तहाच्या १७१ व्या कलमाने जर्मनीला रणगाडे बनविण्यास आणि आयात करण्यास मनाई केली. जर्मन सैन्याने काय करावे? त्यांनी लाकडाच्या चौकटी, कापड आणि पुठ्ठा यांचे खोटे रणगाडे बनविले. ते कधी माणसांनी ढकलीत नेले, तर कधी लहान मोटारींवर बसविले, आणि त्यांच्या साहाय्याने कवायती चालविल्या. पुढे जर्मनीच्या रणगाडादलाचा प्रमुख सेनानी म्हणून गाजलेल्या हाइन्झ गुडेरियन याने आपल्या आठवणींत या काळातील एक मौजेची गोष्ट नमूद केली आहे. कवायत पाहावयास जमलेली शाळकरी मुले हातातील पेन्सिली त्या कापडी भिंतींत खुपशीत आणि पडलेल्या भोकांतून आत कोण बसले आहे ते डोकावून पाहत! लष्करी अधिकाऱ्यांना त्या मुलांचा राग येत असेल. मला मात्र, एक शिक्षक या नात्याने, त्या मुलांचे कौतुक वाटते. रणगाड्यासंबंधी विचारावयाचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न त्यांनी पेन्सिलीने विचारला होता.

ज्या सैन्याने पुठ्ठ्याच्या रणगाड्यांवर धडे गिरविले, तेच १ सप्टेंबर १९३९ रोजी अडीच हजारांहून अधिक खरे रणगाडे घेऊन पोलंडवर चालून गेले. या लढाईसंबंधी एक दंतकथा आजही सांगितली जाते, ती अशी की, पोलंडचे घोडेस्वार भाले सरसावून जर्मन रणगाड्यांवर तुटून पडले. ती खोटी आहे. क्रोयांती गावाजवळच्या एका चकमकीनंतर पसरविलेल्या प्रचारातून ती निघाली. पोलंडजवळ स्वतःचे रणगाडे होते. त्यांतील ‘७ टीपी’ नावाचा रणगाडा सुमारे १० टन वजनाचा असून त्यावर ३७ मिलिमीटरची तोफ होती, आणि त्या वेळच्या जर्मन रणगाड्यांचे कवच ती भेदू शकत होती. परंतु असे रणगाडे सुमारे १३० च होते. ते लढले आणि नष्ट झाले. मूळ स्वरूपातील संपूर्ण असा एकही ७ टीपी त्या युद्धातून वाचून आपल्यापर्यंत आलेला नाही.

पोलंड हा देश आपणांस फार दूरचा वाटेल. परंतु कोल्हापूर आणि बेळगाव या बाजूच्या श्रोत्यांना तो तितका दूरचा नाही. सोव्हिएत राजवटीने १९४० आणि १९४१ मध्ये हद्दपार केलेल्या पोलिश कुटुंबांपैकी सुमारे ५,००० माणसे, बहुतेक स्त्रिया आणि मुले, इराणमार्गे हिंदुस्थानात आली आणि १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत राहिली. त्यांतील कित्येकांचे वडील आणि भाऊ त्या वेळी इटलीत जर्मनांशी लढत होते. पंचगंगेच्या खोऱ्यात वाढलेली ती मुले पुढे जगभर पांगली. त्यांचे स्मारक आजही कोल्हापुरात आहे.

अशा या होरपळून निघालेल्या देशात १९५७ साली ‘मावी मोदेलाश’, म्हणजे ‘छोटा प्रतिकृतिकार’, या नावाचे मासिक निघाले. अंक विकत घ्यावयाचा आणि त्यातील पाने कापून विमान, जहाज अथवा रणगाडा उभा करावयाचा, असे त्याचे स्वरूप होते. पश्चिमेकडील मुलांना मिळणारे प्लास्टिकचे संच तेथे दुर्मिळ होते. कागदाचा अंक मात्र विद्यार्थ्याच्या खिशाला परवडे. हे मासिक तरुणांना लष्करी शिक्षण देणाऱ्या एका संघटनेचे होते, तेव्हा त्यामागील हेतू केवळ करमणुकीचा नव्हता, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १९६६ मध्ये पोलिश दूरचित्रवाणीवर चार रणगाडेस्वार आणि त्यांचा कुत्रा यांची एक मालिका सुरू झाली आणि त्यांचा १०२ क्रमांकाचा ‘टी-३४’ रणगाडा घरोघरी पोहोचला. विमानांसाठी १:३३ आणि रणगाड्यांसाठी १:२५ ही प्रमाणे त्या देशात रूढ झाली. १९८९ नंतर राजवट बदलली, खाजगी प्रकाशक पुढे आले, आणि कागदी प्रतिकृतींच्या कलेत पोलंडचे नाव आज अग्रभागी घेतले जाते. नष्ट झालेला ७ टीपीही कागदावर पुन्हा जन्मास आला, आणि पोलिश मुलांच्या टेबलावर उभा राहून ती घोडेस्वारांची दंतकथा खोटी असल्याची साक्ष देऊ लागला.

माझ्या एका स्नेह्याने काही वर्षांपूर्वी टी-३४ रणगाड्याचा असा एक अंक पोलंडहून मला आणून दिला. नाताळचा गोठा आणि दिवाळीचा आकाशकंदील यांपलीकडे कागदाची कारागिरी मला ठाऊक नव्हती. तरीही शाळेतील सहा-सात मुलांना हाताशी धरून शनिवारी दुपारी मी हे काम सुरू केले. प्रथम पुठ्ठ्याचा सांगाडा उभारावयाचा; त्यावर छापील कातडी चढवावयाची. घडी जेथे पडावयाची तेथे सुरीची बोथट बाजू ओढून रेघ उमटवावी लागते, नाहीतर कागद फाटतो. चाकांसाठी पुठ्ठ्याच्या चकत्या एकावर एक चिकटवाव्या लागतात. तोफेची नळी विणकामाच्या सुईभोवती कागद गुंडाळून होते. कापलेल्या कडा पांढऱ्या दिसतात, त्या रंगवून घ्याव्या लागतात. आणि पट्टा! प्रत्येक बाजूस सत्तरच्या आसपास कड्या, आणि प्रत्येक कडी वेगळी कापून जोडावयाची. तीन शनिवार केवळ त्या कड्यांत गेले.

या कामात गणिताचा तास आपोआप झाला. टी-३४ ची रुंदी ३ मीटर, म्हणजे २५ पटींनी लहान केल्यावर १२ सेंटिमीटर. वजन ३२ टन; परंतु लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही २५ पटींनी घटल्यावर वजन १५,६२५ पटींनी घटते, म्हणजे तेवढाच पोलादी रणगाडा सुमारे २ किलो भरेल. आमचा कागदी रणगाडा पाव किलोही भरला नाही. पुढील कवच ४५ मिलिमीटर जाडीचे. त्याचा हिशेब १.८ मिलिमीटर पुठ्ठ्याचा. मग एका मुलाने विचारले, “सर, हा पत्रा उभा न ठेवता इतका तिरपा का ठेवला?” मी पट्टी पुठ्ठ्यावर आडवी धरली आणि त्याला मोजावयास सांगितले. ६० अंशांनी कललेल्या त्या पत्र्यातून सरळ आडव्या रेषेत जाणाऱ्या गोळ्यास दुप्पट, म्हणजे ९० मिलिमीटर पोलाद कापावे लागते. फळ्यावर जे तासाभरात पटले नसते, ते पुठ्ठ्याच्या एका तुकड्याने पटवून दिले.

परंतु सर्वांनाच हा उद्योग पसंत पडला असे नाही. एका विद्यार्थ्याचे वडील मला भेटावयास आले आणि शांतपणे म्हणाले, “मास्तर, मुलांच्या हाती युद्धाची खेळणी कशासाठी? जगात युद्ध थोडे का आहे?” मी त्यांना दिवाळीतील किल्ल्यांचा दाखला दिला. आपली मुले अंगणात माती कालवून राजगड, पन्हाळा उभारतात, बुरुजांवर मावळे बसवितात. तेही लढाईचेच चित्र आहे. ते गृहस्थ हसले, पण त्यांचे समाधान झाले नाही. खरे सांगावयाचे तर माझेही झाले नव्हते.

पुढे पावसाळा आला. बेळगावचा पाऊस श्रोत्यांपैकी पुष्कळांना परिचित आहे. आमचा रणगाडा शाळेच्या कपाटावर उघडाच ठेवला होता. श्रावणात पाहतो तो तोफेची नळी मान टाकून बसलेली, पट्टा सुटलेला, आणि बुडाशी कसरीने पुठ्ठा कोरून काढलेला! दोष सर्वस्वी माझाच होता. काटकसर म्हणून पुठ्ठ्याचे थर मी मैद्याच्या खळीने चिकटविले होते, आणि खळ म्हणजे कसरीला मेजवानी. ते पाहून मुलांचे चेहरे उतरले. तेव्हा मी चौकशीस लागलो की, कागद टिकतो कसा?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कागद मुख्यतः चिंध्यांचा होत असे, आणि तो शतकानुशतके टिकतो. पुढे तो लाकडाच्या लगद्यापासून होऊ लागला. त्या लगद्यातील लिग्निन नावाचे द्रव्य उजेडाने पिवळे पडते, आणि कागदावर शाई पसरू नये म्हणून वापरलेल्या तुरटीने कागदात आम्ल निर्माण होऊन तो ठिसूळ होतो. म्हणून प्रतिकृतीचा सांगाडा आम्लरहित पुठ्ठ्याचा असावा. खळीऐवजी पाण्यात विरघळणारा पांढरा कृत्रिम डिंक अगदी थोडा वापरावा. चिकटपट्टी तर कधीच वापरू नये, कारण तिचा गोंद कालांतराने तपकिरी होऊन कागदात उतरतो. वस्तुसंग्रहालयांत अशा कागदी वस्तूंवर सुमारे ५० लक्सपेक्षा अधिक प्रकाश पडू देत नाहीत, आणि हवेतील आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवतात. घरी हे जमण्यासारखे नाही. परंतु काचेची बंद पेटी, ऊन न येणारी भिंत, आणि पेटीत ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या खड्यांची पुरचुंडी एवढे कोणासही जमेल. ते खडे अधूनमधून तापवून कोरडे करून घ्यावेत. आणखी एक नियम मला फार मोलाचा वाटतो: अंकाच्या दोन प्रती घ्याव्यात, एक कापण्यासाठी आणि दुसरी न कापता सपाट जपून ठेवण्यासाठी. बांधलेली वस्तू एक दिवस नष्ट होईल. न कापलेल्या प्रतीवरून ती पुन्हा उभी करता येईल.

कोणी म्हणेल, कागदासाठी एवढा खटाटोप कशाला. खरे रणगाडे आहेतच की. परंतु लोखंडाचीही कथा फारशी वेगळी नाही. पहिल्या महायुद्धात जर्मनीने ‘ए७व्ही’ नावाचे २० रणगाडे बांधले. त्यांपैकी आज केवळ एक उरला आहे. ‘मेफिस्टो’ हे त्याचे नाव. २४ एप्रिल १९१८ रोजी फ्रान्समधील विलेर-ब्रेतोनो येथे तो एका खड्ड्यात रुतला, ऑस्ट्रेलियन सैनिकांनी जुलैमध्ये तो ओढून आणला, आणि तो ब्रिस्बेन शहरी नेण्यात आला. २०११ च्या महापुरात तेथील संग्रहालयातही पाणी शिरले आणि त्यालाही त्याची झळ लागली. पुढे तज्ज्ञांनी परिश्रमपूर्वक त्याची निगा राखली. लोखंड गंजते, कागद कुजतो. दोहोंनाही वाचवितो तो माणसाचा हात.

आम्ही दुसरा रणगाडा बांधला. या वेळी रशियन वंशाचाच, पण नंतरच्या काळातील ‘टी-५५’. तो पुरा झाल्यावर एका विद्यार्थ्याचे आजोबा पाहावयास आले. ते सेनेच्या चिलखती दलातून निवृत्त झालेले. ऐन तारुण्यात त्यांनी असलाच रणगाडा चालविला होता. मुलांना वाटले, आजोबा तोफेचे कौतुक करतील. त्यांनी तोफेकडे पाहिलेच नाही. चष्मा सारखा करून ते बराच वेळ वाकून पाहत राहिले आणि पुढील बाजूच्या वाटोळ्या झाकणावर हळूच बोट ठेवून म्हणाले, “मास्तर, हे झाकण उघडतं का?”

मी म्हणालो, “नाही, आजोबा. ते आम्ही चिकटवून टाकलं आहे.”

“मग आतला माणूस बाहेर येणार कसा?”

त्यांच्या प्रश्नावर कोणाच्याच तोंडून शब्द निघेना. आजोबा मग बाकावर बसले आणि मुलांना सांगू लागले की, चालकाची जागा केवढी असते, गुडघे कोठे टेकतात, उन्हाळ्यात पत्र्याला हात का लावता येत नाही, आणि आग लागल्यास बाहेर पडण्यासाठी किती क्षण मिळतात. लढाईतील पराक्रमाची एकही गोष्ट त्यांनी सांगितली नाही. जाताना एवढेच म्हणाले, “आमच्यातले काही जण बाहेर आले नाहीत.”

पुढच्या शनिवारी मुलांनी आपण होऊन ते झाकण सुरीने सोडविले, कागदाची बारीक बिजागरी करून पुन्हा बसविले, आणि ते उघडे ठेवले. मी त्यांना काही सांगितले नव्हते. गुडेरियनच्या त्या कापडी रणगाड्यांत पेन्सिली खुपसणारी मुले मला त्या दिवशी आठवली. आत कोण आहे, हेच त्यांनाही पाहावयाचे होते.

अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, येथे सेनेच्या चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र असून रणगाड्यांचे एक प्रसिद्ध संग्रहालयही १९९४ पासून आहे. या केंद्रात ‘फामागुस्ता’ नावाचा एक सेंचुरियन रणगाडा जतन करून ठेवला आहे. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पूना हॉर्स या पलटणीचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल या रणगाड्यात होते. त्यांचा जन्म पुण्याचा. वय अवघे २१ वर्षांचे. रणगाडा पेटला असता तो सोडून देण्याचा हुकूम त्यांना बिनतारी यंत्रावरून झाला. परंतु आपली तोफ अद्याप चालते आहे, असे कळवून ते तेथेच लढत राहिले आणि तेथेच पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले. तो रणगाडा आपण जपून ठेवला, तो काही पोलाद मौल्यवान म्हणून नव्हे.

त्या पालकांना द्यावयाचे उत्तर मला असे उशिरा सापडले. नंतर ते भेटले तेव्हा मी त्यांना कपाटापाशी नेले आणि काचेतून ते उघडे झाकण दाखविले, आजोबांचा प्रश्नही सांगितला. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि विचारले, “पुढचा कोणता करणार?” मी म्हणालो, “पोलंडचा ७ टीपी.” त्याचा सांगाडा आता तयार होत आला आहे. अंकाच्या दोन प्रती मागविल्या आहेत, डिंक बदलला आहे, पेटीही पावसापूर्वीच करून ठेवली आहे. आणि झाकणे चिकटवावयाची नाहीत, हा नियम मुलांनी आधीच वहीत लिहून ठेवला आहे.